कामाची आणि पाहुणी

एका ओल्या पानावर दोन कोळी सोडायचे, समोरच्याच्या हातात भिंग द्यायचं आणि विचारायचं, "सांगा, यातली कामाची कोणती?" ही तिची पद्धत. उत्तर चुकलं तर ती वाद घालत नसे. सुईच्या टोकाने आधी एक चिरडायची, मग दुसरी. सुई कापसाला पुसायची आणि म्हणायची, "घ्या, आता दोघीबी सारख्याच झाल्या. आता नाही चुकत तुम्ही."

मुलांनो, आजी कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होती, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं. या बाईकडेच जात होते. यवतमाळच्या बाहेर एका संस्थेचं तीन खोल्यांचं केंद्र होतं. कागदोपत्री मी त्याची प्रमुख होते. प्रत्यक्षात तिथे काय चालायचं आणि काय नाही, ते ती ठरवायची. तिचं नाव मी लिहीत नाही. ती मागच्या वर्षी गेली. तिचं नाव मी एकदा एका कागदावर लिहिलं आहे, तेवढं पुरे.

आधी कोळी म्हणजे काय ते सांगते. जाळं विणणारा कोळी तुम्हाला माहीत आहे. हा त्याचा दूरचा नातेवाईक, पण टाचणीच्या माथ्यावर चार-पाच सहज बसतील इतका लहान. यात एक लाल कोळी असतो. तो पानांच्या खालच्या बाजूला बसून रस पितो आणि काकडी, वांगी, गुलाब, काही सोडत नाही. पान आधी ठिपक्याठिपक्यांचं होतं, मग कागदासारखं. आणि दुसरे असतात शिकारी कोळी, जे या लाल कोळ्यांना खातात. आम्ही ते वाढवायचो, गव्हाच्या कोंड्यात मिसळून बाटल्यांत भरायचो आणि शेडनेटमध्ये भाजी घेणाऱ्यांना द्यायचो, म्हणजे त्यांना औषध फवारावं लागू नये.

अडचण अशी की शिकारी कोळ्यांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. भिंगातून पाहिलं तर दोघी फिकट, चकचकीत, पेरूसारख्या घाटाच्या आणि दोघी घाईत. आमच्याकडे वाढवायची होती ती जात लाल कोळ्यांवर तुटून पडायची. दुसरी एक जात आपल्याकडच्या एरंडीवर आपोआप असते. ती फुलातला पराग खाऊन सुखाने राहते, लाल कोळ्याला क्वचित तोंड लावते, आणि पहिलीच्या ट्रेमध्ये शिरली तर तिची अंडी फस्त करते. या दोघींना लॅटिन नावं होती आणि ती मी बाटल्यांवर सुवाच्य अक्षरात लिहीत असे. तिने मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांना मराठी नावं दिली होती. एक कामाची, एक पाहुणी. वर्षभरात माझ्याही तोंडी तीच बसली.

खात्रीने ओळखायचं तर मादी मारावी लागते. तिला आम्लात ठेवून काचेसारखी पारदर्शक करायची, काचपट्टीवर थेंबभर द्रवात उताणी किंवा पालथी बसवायची, वरून कव्हरस्लिपची पातळ काच ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली दोन गोष्टी बघायच्या. पाठीवरच्या मागच्या लांब केसांना बारीक दाते आहेत की ते गुळगुळीत आहेत. आणि पोटातली एक इवलीशी कुपी घंटेसारखी अरुंद आहे की वाटीसारखी पसरट. दातेरी केस आणि अरुंद कुपी, तर कामाची. गुळगुळीत केस आणि पसरट कुपी, तर पाहुणी. वाचायला सोपं वाटतं. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि मला ते जमायला सहा महिने लागले.

माझी पहिली काचपट्टी तिने मायक्रोस्कोपला लावली, एक डोळा मिटून पाहिली आणि मान वर न करता विचारलं, "मॅडम, हे तुम्ही केलं?"

"हो."

"पापड लाटला का मग? पाय पाहा तिचे, कसे पसरले. दाबू नका. दाबलं की कुपी फाकते, अन् कामाचीची पाहुणी होते. मेलेल्यावर कायले जोर दाखवता?"

हे केंद्रात कामाला असलेल्या दोन मुलींसमोर. मी तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तिची वरिष्ठ. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेली, कुठल्याशा प्रयोगशाळेत रोजंदारीवर काचपट्ट्या धुता धुता शिकलेली. मी ती काचपट्टी टाकून दिली आणि दुसरी केली. तीही पापडच निघाली.

ती फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची. एकदा केंद्र बघायला शहरातल्या चार प्रतिष्ठित बायका आल्या होत्या. त्यातली एक कौतुकाने म्हणाली, तुमचे पूर्वज म्हणे शेकडो बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे आणि प्रत्येक बैल ओळखायचे, तोच डोळा तुमच्याकडे आला असणार. तिने ब्रशवरचा कोळी पानावर सोडला आणि म्हणाली, "माह्या बापाजवळ दोन बकऱ्या होत्या, बाई. एक काळी अन् एक पांढरी."

एका साहेबांना तर तिने कायमचं गप्प केलं. ते मायक्रोस्कोपमधून पाहून म्हणाले, "मला तर या सगळ्या सारख्याच दिसतात हो." ती म्हणाली, "तुमच्या हापिसातले साहेबलोक बी मले सारखेच दिसतात. पण त्यांच्या बायका आपापला बराबर घरी नेतात ना." साहेबांचा ड्रायव्हर दारात उभा होता, तो बाहेर जाऊन हसला.

हे ऐकायला गमतीचं आहे. रोज तिच्या हाताखाली काम करायला तसं नव्हतं. एम.एस्सी. झालेली एक मुलगी आमच्याकडे लागली. हुशार, पण हात थरथरायचा. पहिल्या पंधरा दिवसांत तिच्यासमोर किती कोळी चिरडले गेले असतील कोण जाणे. एक दिवस ती रडायला लागली तर ही म्हणाली, "रड, पण तिकडं बाजूले रड. ट्रेमधी पाणी पडलं तं साऱ्या बुडतील." मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर, त्या दिवशी सुई माझ्याकडे वळली नाही याचंच मला बरं वाटलं.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी ती घरी आली. बैठकीत माणसं होती, सगळी हळू आवाजात तेच ते बोलत होती. ती आत आली नाही. अंगणातला आजोबांचा गुलाब लाल कोळ्यांनी भरला होता, त्या आजारपणात कोणी पाहिलंच नव्हतं. तिने बादली मागून घेतली, उकिडवी बसली आणि एकेक पान उलटं करून ओल्या फडक्याने पुसत राहिली. दोन-अडीच तास. जाताना दारातून मला म्हणाली, "हे झाड मरत नाही आता."  त्या तीन दिवसांत ऐकलेलं मला एवढंच आठवतं.

पाचव्या वर्षी तिच्यात एक बदल झाला. ती बोलायला सौम्य झाली, निदान आम्हाला तसं वाटलं. ती थरथरत्या हाताची मुलगी काचपट्टी घेऊन आली की ही खुर्ची सरकवून म्हणायची, "बस. तू सांग पाहू कोणती हाय." मुलगी पाहायची, म्हणायची, "कामाची." ही मान हलवायची, "लिही मग." मुलगी खूश. आपल्यावर विश्वास टाकला म्हणून घरी पेढे घेऊन गेली. मीही संस्थेच्या सचिवांना सांगितलं की बाई आता शिकवायला लागली आहे. आणि दोन महिन्यांत तिने एकही कोळी चिरडला नव्हता, तेही आम्हाला चांगुलपणाचंच लक्षण वाटलं.

मग एके दुपारी ती चहा ओतत होती आणि चहा कपाच्या बाहेर बशीत पडत होता. तिने तो आवाजावरून ओळखला, कानाने, आणि किटली जराशी डावीकडे नेली. मी समोर बसून पाहत होते. तेव्हा सगळ्या गोष्टी माझ्या डोक्यात एकेक करून जागेवर बसल्या. ती कोळी चिरडत नव्हती, कारण सुईला कोळी सापडत नव्हता. ती मुलीला विचारत होती, कारण तिला स्वतःला दिसत नव्हतं. साखर तिला बरीच वर्षं होती. गोळ्या ती मनात आलं तर घ्यायची.

मी काही बोलले नाही. काही म्हणजे काहीच नाही. मला वाटलं, ती सांगेल. पण काम गेलं की मायक्रोस्कोपसमोरची ती खुर्ची जाईल, खुर्ची गेली की तांड्यावर भावाच्या घरी एका कोपऱ्यात बसायचं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या खुर्चीवरून तिला हलवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून बशीतला चहा पाहत होतं.

त्यानंतर महिनाभरात मारेगावकडच्या एका महिला गटाच्या तीन बायका आमच्या बाटल्या परत घेऊन आल्या. त्यांच्या शेडनेटमध्ये काकडी होती. आमच्या भरवशावर त्यांनी फवारणी केली नव्हती. सगळी पानं गेली, वेल उपटून टाकावे लागले. त्यांतली थोराड बाई माझ्या टेबलावर बाटल्या ओळीने मांडत म्हणाली, "तुमचे किडे नुसते बसून राह्यले मॅडम. लाल कोळी त्यांच्या बाजूनं चालून राह्यला अन् हे आपले बसून. आम्ही सोडले तवा गावातल्या माणसाईनं हसून घेतलं होतं. आता कोण्या तोंडानं गावात जाऊ?"

त्या बाटल्यांतल्या माद्यांच्या काचपट्ट्या मी स्वतः केल्या. निम्म्याहून जास्त पाहुण्या होत्या. सचिव आले, आल्याआल्या म्हणाले, "जबाबदारी कुणाची ते मला लेखी पाहिजे. तोंडी नको."

इथे मी तिला एक प्रश्न विचारू शकले असते. दार लावून, दोघीच असताना. तुला दिसतं का गं? एवढाच. ती आधी भांडली असती, मग कदाचित खरं बोलली असती, आणि जिवंत कोळी सांभाळायचं, पानं बदलायचं, मुलींना शिकवायचं असं दुसरं काम मी तिला देऊ शकले असते. तशी जागा होती. मी तो प्रश्न विचारला नाही. मला पुरावा हवा होता. माझी सगळी नोकरी परीक्षा घेण्यात गेली होती, आणि पाच वर्षं मी तिच्या सुईखाली काढली होती. दोन्ही कारणं खरी आहेत. कोणतं मोठं, ते मला माहीत आहे.

मी दहा काचपट्ट्या तयार केल्या. दहाही माद्या एकाच ट्रेमधल्या, तपासून घेतलेल्या, दहाही कामाच्या. त्यातल्या सहा नीट बसवल्या. चार मुद्दाम दाबल्या: द्रव कमी घातला, कव्हरस्लिपवर रात्रभर वजन ठेवलं. सकाळी त्यांच्या कुप्या वाटीसारख्या पसरल्या होत्या. केसांचे दाते मात्र जसेच्या तसे. ज्याला दाते दिसतात तो क्षणभर थांबेल आणि म्हणेल, या दाबलेल्या आहेत, पण कामाच्याच. ज्याला फक्त कुपीची काळी कड दिसते तो फसेल. दहामध्ये दहा एकच असतील अशी शंका ओळखणाऱ्याच्या मनात येत नाही. समोर ढीग ठेवला की तो वेगळं काढायलाच बसतो. हेही मी तिच्याकडूनच शिकले होते.

काचपट्ट्यांवर फक्त आकडे लिहिले. सचिवांना बोलावलं, दोन्ही मुलींना उभं केलं. मी म्हणाले, "या दहा ओळखून द्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"मुलगी सांगेल ना," ती म्हणाली.

"तुम्हीच सांगा. मुलगी लिहून घेईल."

ती बसली. दिवा पूर्ण मोठा केला. एकेका काचपट्टीला तिने इतका वेळ लावला की सचिवांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिचा चेहरा मायक्रोस्कोपला इतका चिकटला होता की भुवया काचेला घासत होत्या. "पहिली, कामाची. दुसरी..." थांबली. "दुसरी पाहुणी." मुलीच्या हातातलं पेन थांबलं. त्या मुलीला टेबलाशी उभ्या-उभ्याच काहीतरी कळलं असावं, कारण ती माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला लिही अशी खूण केली.

सहा कामाच्या, चार पाहुण्या. जशा मी घडवल्या होत्या, बरोबर तशाच.

मी आवाज चढवला नाही. म्हणाले, "दहाही कामाच्या आहेत."

 ती बसूनच होती. मग तिने दुसऱ्या नंबरची काचपट्टी बोटांनी चाचपली, कव्हरस्लिपची कड नखाने तपासली, किती खाली बसली आहे ते.

"दाबल्या तुम्ही."

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

ती उठली. मायक्रोस्कोपवर कापडाची टोपी घातली, चारी बाजूंनी नीट खाली ओढली. म्हणाली, "चांगल्या दाबल्या मॅडम. पाच वर्षांत पह्यल्यांदा तुमच्या हातून काचपट्टी बराबर झाली."

त्याच दिवशी मी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं, कारण आमचे कागद वर इंग्रजीत जात. ते चांगलं पत्र होतं, मुद्देसूद. पहिल्या पानावर चाचणी, दुसऱ्यावर निष्कर्ष. त्यात मी लिहिलं की तिने आपला दृष्टिदोष जाणूनबुजून लपवला, ट्रेमधली भेसळ तिच्या निष्काळजीपणामुळे झाली आणि मारेगावच्या नुकसानीला ती एकटी जबाबदार आहे. खाली माझं नाव, पद, सही. एक प्रत फायलीत, एक तिला. तिने ती न उघडता घडी घालून पोलक्यात ठेवली आणि बसस्टँडकडे चालत गेली. थरथरत्या हाताची मुलगी तिची पिशवी घेऊन मागे धावली. तिने पिशवी घेतली, मुलीला परत पाठवलं.

यानंतर ट्रे स्वच्छ व्हायला हवे होते. नाही झाले. आम्ही सगळं धुतलं, नवीन पानं, नवा कापूस, नवी कामाची आणली. तीन महिन्यांत पुन्हा पाहुण्या. शेवटी त्या मुलीनेच शोधून काढलं. ट्रेमध्ये पूरक खाणं म्हणून आम्ही एरंडीचा पराग घालायचो. पूर्वी बाई तो लांबच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणायची आणि कागदावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवायची. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. वर्षभरापूर्वी मी फळ्यावर नियम लिहिला होता: पराग खिडकीलगतच्या एरंडीवरून रोज ताजा घ्यावा. तेव्हा ती एकदाच म्हणाली होती, "वाळवून घेऊ मॅडम, ताज्यासंगं काय काय येते." मी फळ्याकडे बोट दाखवलं होतं. ताज्या फुलांसंगं पाहुण्या येत होत्या, रोज, माझ्या नियमाने. तिला दिसलं असतं तर तिने त्या पहिल्या दिवशी पकडल्या असत्या हेही खरं. पण त्या आणल्या मी होत्या.

नियम मी पुसला. पत्र तसंच राहिलं.

सहा महिन्यांनी मी तांड्यावर गेले. तिची माफी मागायला गेले असं तुम्हाला वाटावं असं मला फार वाटतं, पण मी तिची वही मागायला गेले होते. तिच्याकडे हाताने काढलेल्या आकृत्यांची एक जाड वही होती. जिवंत कोळी कसा चालतो, कुठे बसतो, पुढचे पाय कसे उचलतो, यावरून जात कशी ओळखायची ते त्यात होतं, न मारता. दुसऱ्या कोणाकडे ते नव्हतं. महागाववरून फुलसावंगीची बस घेतली, फाट्यावर उतरून चालत गेले.

घर भावाचं. ओसरीत ती खाटेवर बसली होती, पाय खाली सोडून. भावजय दाराशी तूर पाखडत होती, शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. भाचा शाळेत मास्तर आहे, तो घरीच होता, त्याने मला खुर्ची दिली.

"कोण हाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. ती जराशी हसली. "बसा. बरं झालं तुम्हीच आल्या. मले आता खिडकी कोणीकडं हाय तेवढंच समजते." मग भावजयीला त्यांच्या बोलीत काही म्हणाली. भावजयीने आतून पत्र्याचा डबा आणला आणि त्यातून माझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. घड्या मळल्या होत्या. कोणीतरी बऱ्याचदा उघडलं होतं.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. "तुमच्या हातचं हाय. मराठीत सांगा, याईले बी समजलं पायजे."

मी चष्मा लावला. पहिलं पान मराठीत सांगितलं, बरंच तसंच. दुसऱ्या पानावर आले आणि माझ्या तोंडून दुसरंच यायला लागलं. तब्येतीच्या कारणाने काम थांबवावं लागत आहे. पाच वर्षं उत्तम काम केलं. संस्था आभारी आहे. मी वाचत असल्यासारखी नजर ओळीवरून फिरवत होते, पान संपलं तिथे थांबले.

"झालं?"

"झालं."

"आभार बी हायेत?"

"हो."

ती भाच्याच्या दिशेने वळली. "मास्तर, तू वाचला तवा आभार होते का रे?"

मास्तर जमिनीकडे पाहत म्हणाला, "नव्हते, आत्या."

भावजयीने पाखडणं थांबवलं होतं. ती शांत होती, काचपट्टी बघताना असायची तशी. "मास्तरच्या वाचण्यात मारेगाव होतं. वेल उपटले ते होतं. तुमच्यात नाही आलं. पुन्हा वाचा. मराठी नका करू आता, जसं लिव्हलं तसं वाचा. मास्तर सांगते आम्हाले."

मी इंग्रजीत वाचायला लागले. एक वाक्य मी, मग तेच मास्तर त्यांच्या बोलीत. माझी वाक्यं लांब होती. मास्तरला ती तोडावी लागत होती, आणि प्रत्येक तुकड्यावर बायका तिच्याकडे बघत होत्या. भेसळीच्या वाक्याशी मी अडले. म्हणाले, "हे चुकलं आहे. ते ताज्या परागामुळे झालं. माझ्या नियमामुळे. नंतर कळलं आम्हाला."

"मले तवाच माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कवा? तुम्ही तं दहा काचा आणल्या." तिने हात हलवला. "कागदात हाय ना? वाचा मग."

मी वाचलं. निष्काळजी वाचलं, एकटी जबाबदार वाचलं. मास्तरने ते सांगितलं. त्याच्या बोलीत ते दोनच शब्दांत झालं आणि जास्त वाईट वाटलं.

"खाली नाव हाय ते?"

मी माझं नाव वाचलं. पद वाचलं. तारीख वाचली.

"हां," ती म्हणाली. "आता झालं."

चहा आला. मी तो प्यायले, कारण नाही म्हणणं शक्य नव्हतं. मग मी वहीचं विचारलं. ज्या माणसाने सहा महिने वाट पाहून आपला कागद माझ्याच तोंडून ऐकला, त्याच्याकडे मी त्याच बैठकीत वही मागितली. 

"वही हाय," ती म्हणाली. "दिली असती. पण तुम्ही ते बी सुधरून लिहाल."

मी उठले. चपला घालायला वाकले तेव्हा पत्र तिच्या मांडीवर होतं. तिने ते चाचपून उचललं, घडीवर घडी बसवली, कोपरे नखाने जुळवले आणि डब्यात ठेवायला मास्तरकडे म्हणून पुढे केलं. मास्तर तिथे नव्हता. तो तिच्या मागे, दाराजवळ उभा होता. हात रिकाम्या भिंतीसमोर तसाच ताणलेला राहिला. ओसरीतल्या कोणीही, एकाही बाईने, तिला ते सांगितलं नाही. मास्तर पायांचा आवाज न करता खाटेला वळसा घालून गेला, भिंत आणि तिचा हात यांच्यामध्ये उभा राहिला, आणि तिथेच होतो अशा आवाजात म्हणाला, "आण, आत्या."